छोट्या हवाई दलाने परवडणारं लढाऊ विमान कसं निवडावं? विमानाचं नाव सर्वांत शेवटी

अमुक देशाने भारताचं तेजस घ्यावं की दक्षिण कोरियाचं एफए-५०, स्वीडनचं नवं ग्रिपेन की अमेरिकेची जुनी एफ-१६, अशी चर्चा सुरू झाली की लगेच तक्ते पुढे येतात. वेग किती, पल्ला किती, पंखाखाली क्षेपणास्त्रं किती. तक्ते खोटे नसतात. पण ज्या देशाला जेमतेम बारा-चौदा विमानंच झेपतात, त्याने तक्ते बघून निर्णय घेतला तर पुढची वीस वर्षं तो निर्णय निस्तरावा लागतो. गेल्या पंचवीस वर्षांत फिलिपिन्स, चेकिया, क्रोएशिया, अर्जेंटिना, दक्षिण आफ्रिका या देशांनी जे केलं ते शेजारी शेजारी ठेवून पाहिलं, तर ज्यांचं जमलं त्यांनी प्रश्न एका ठरावीक क्रमाने विचारलेले दिसतात: आधी काम, मग संख्या, मग दरवर्षीचा खर्च, मग परवानग्या. विमानाचं नाव त्यानंतर. त्याच क्रमाने पुढे जाऊ. एखाद्या छोट्या देशाच्या खरेदी समितीत आपण बसलो आहोत, असं समजून वाचा.

पायरी १: लढाऊ विमान हवंच आहे का, हे ठरवा

हा प्रश्न समितीत कोणी विचारत नाही, कारण विचारणारा देशाच्या संरक्षणाबद्दल उदासीन वाटतो. पण काही देशांनी तो विचारला आणि प्रामाणिकपणे उत्तरही दिलं. न्यूझीलंडने १९९० च्या दशकाच्या अखेरीस २८ एफ-१६ भाडेपट्ट्याने घ्यायचं ठरवलं होतं. २००० मध्ये नव्या सरकारने तो करार रद्द केला आणि २००१ मध्ये स्कायहॉक विमानांची लढाऊ शाखाच बंद केली. आपल्याला सागरी टेहळणी आणि वाहतूक यांचीच गरज जास्त आहे, असा त्यांचा हिशोब होता. एस्टोनिया, लाटविया आणि लिथुआनियाकडेही स्वतःची लढाऊ विमानं नाहीत. २००४ पासून नाटोचे इतर सदस्य पाळीपाळीने त्यांच्या आकाशावर पहारा देतात. हे अर्थात मित्र असलेल्यांनाच परवडतं.

उत्तर ‘हवं’ असेल, तर कशासाठी ते एका वाक्यात लिहून काढा. छोट्या देशांची कामं साधारण तीन प्रकारची असतात. एक, शांततेच्या काळातला आकाशातला पहारा: ओळख न देणाऱ्या विमानाजवळ जाऊन ते कोण आहे ते बघणं. दोन, देशातल्या सशस्त्र बंडखोरांवर हल्ला. तीन, शेजारच्या मोठ्या देशाला समुद्रात किंवा सीमेवर अडवणं. तिन्हींना लागणारी विमानं वेगळी असतात.

बंडखोरी हा मुख्य प्रश्न असेल, तर जेट घेणं बहुतेक वेळा उधळपट्टी ठरते. ब्राझीलच्या एम्ब्रेअरचं सुपर तुकानो हे पंख्याचं विमान त्यासाठी पुरतं. नायजेरियाने १२ घेतली, फिलिपिन्सने ६. ते तासन्‌तास घिरट्या घालू शकतं, अचूक बॉम्ब टाकू शकतं, आणि त्याला मोठ्या जेटसारखा तळ लागत नाही. पण त्याचा कमाल वेग ताशी ६०० किलोमीटरच्या आतला आहे. प्रवासी जेट ताशी साडेआठशे-नऊशेने जातं. म्हणजे पहाऱ्याचं काम सुपर तुकानोकडून होणारच नाही.

पहारा म्हणजे काय, हे फेब्रुवारी २०१४ मध्ये स्वित्झर्लंडला कळलं. इथिओपियन एअरलाइन्सचं एक विमान त्याच्याच सहवैमानिकाने पळवलं आणि पहाटे जिनिव्हाला उतरवलं. वाटेत इटलीची आणि फ्रान्सची लढाऊ विमानं त्याच्यासोबत होती. स्विस हवाई दलाची नव्हती, कारण त्यांची सज्जता फक्त कार्यालयीन वेळेत असे. चोवीस तास सज्ज राहायला पैसे आणि माणसं लागतात, आणि तोवर ती दिलेली नव्हती. पुढे २०२० च्या अखेरीपर्यंत त्यांनी ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने चोवीस तासांवर नेली. विमानं चांगली होती, वैमानिक चांगले होते, तरी पहारा नव्हता. त्यामुळे समितीने कागदावर ‘हवाई संरक्षण’ एवढंच लिहून थांबू नये. किती तास, किती दिवस, किती मिनिटांत उड्डाण, हे लिहावं.

पायरी २: उलट्या दिशेने मोजून संख्या काढा

युरोपातल्या छोट्या हवाई दलांचे आकडे पाहा. चेकिया १४ ग्रिपेन, हंगेरी सुरुवातीला १४ ग्रिपेन, स्लोवाकिया १४ एफ-१६, क्रोएशिया १२ राफेल, सर्बिया १२ राफेल. थायलंडनेही १२ ग्रिपेन घेतली. हा योगायोग नाही.

चोवीस तास पहाऱ्यासाठी दोन शस्त्रसज्ज विमानं आणि एक राखीव अशी तीन विमानं कायम अडकतात. दोन-तीन विमानं मोठ्या देखभालीसाठी हँगरमध्ये उघडलेली असतात. आणखी दोन-तीन किरकोळ तपासणीत किंवा सुट्या भागाची वाट बघत असतात. उरलेल्या चार-पाच विमानांवर वैमानिकांचा सराव चालतो. हा ढोबळ हिशोब आहे, पण बाराच्या खाली गेलात की त्यातला एक रकाना रिकामा पडतो, आणि बहुतेक वेळा तो सरावाचा असतो. म्हणून आठ विमानं घेणाऱ्या देशाने अजून आठ केव्हा आणि कुठून येणार हेही त्याच बैठकीत ठरवावं. बल्गेरियाने २०१९ मध्ये ८ एफ-१६ घेतली आणि २०२२ मध्ये आणखी ८ ची मागणी नोंदवली, ती यामुळेच.

आता वैमानिकांचं गणित. नाटोचा संकेत वैमानिकामागे वर्षाला १८० उड्डाण-तासांचा आहे. पंधरा वैमानिक धरले तर २,७०० तास. बारा विमानांत वाटले तर प्रत्येकी २२५ तास. नव्या एफ-१६ ब्लॉक ७० च्या सांगाड्याचं आयुष्य १२,००० तासांचं आहे, म्हणजे त्या बाजूने काळजी नाही. पण ३,००० तास उरलेलं जुनं विमान कोणी देऊ केलं, तर याच वेगाने ते तेरा वर्षांत संपतं. ही तेरा वर्षं तुमच्या कागदावर असली पाहिजेत, कारण विक्रेत्याच्या माहितीपत्रकात ती सापडणार नाहीत.

पायरी ३: उड्डाण-तासाचा खर्च आधी, विमानाची किंमत नंतर

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण प्रत्येक समितीने भिंतीवर लावावं. १९९९ च्या मोठ्या शस्त्र करारात त्यांनी ग्रिपेन निवडलं, आणि २००८ ते २०१२ या काळात २६ विमानं मिळाली. विमान उत्तम, आणि त्याच्या वर्गात कमी खर्चाचं. तरीही २०१३ मध्ये संरक्षणमंत्र्यांना संसदेत सांगावं लागलं की २६ पैकी १२ विमानं दीर्घकाळासाठी साठवून ठेवली आहेत, कारण उडवायला पैसे नाहीत. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये देखभालीचा करारच संपला आणि जवळपास वर्षभर एकही ग्रिपेन उडालं नाही. २०२२ मध्ये नवा करार झाल्यावर ती पुन्हा आकाशात गेली. यात विमानाचा दोष काहीच नव्हता. खरेदीचा पैसा एकदाच मंजूर करून घेता येतो. देखभालीचा दरवर्षी मागावा लागतो, आणि दर पाच वर्षांनी सरकार बदलतं.

त्यामुळे माझं ठाम मत आहे की समितीने अर्थखात्याकडून पहिला कागद घ्यावा तो दहा वर्षांच्या चालू खर्चाच्या हमीचा. रक्कम कमी निघाली तर विमान हलकं करा किंवा संख्या कमी करा. तास कमी करू नका. वर्षाला साठ-सत्तर तास उडणारा वैमानिक सर्वांत आधी स्वतःसाठीच धोकादायक असतो.

तासाच्या खर्चाचे आकडे मात्र जपून वाचा. जेन्स या संरक्षणविषयक माहिती देणाऱ्या संस्थेच्या २०१२ च्या एका अभ्यासातले आकडे आजही सगळीकडे फिरतात: ग्रिपेनला तासाला सुमारे ४,७०० डॉलर, एफ-१६ ला सुमारे ७,०००. तो अभ्यास ग्रिपेन बनवणाऱ्या साबच्या सांगण्यावरून झाला होता आणि त्यात प्रामुख्याने इंधन, उड्डाणपूर्व तयारी व ठरलेली देखभाल धरली होती. मोठं ओव्हरहॉल, आधुनिकीकरण आणि कर्मचाऱ्यांचे पगार धरले की आकडा कितीतरी पट होतो. हलकं, एका इंजिनाचं विमान स्वस्त पडतं, एवढी दिशा त्यातून घ्या. अंदाजपत्रक त्यावर उभारू नका.

बातमीतली एकूण रक्कम भागिले विमानं, हा हिशोबही फसवा असतो. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने फिलिपिन्सला २० एफ-१६ विकायला मंजुरी दिली, ५५८ कोटी डॉलरपर्यंत. भागाकार केला तर एका विमानाला जवळपास २८ कोटी डॉलर येतात. पण त्या रकमेत क्षेपणास्त्रं, बॉम्ब, राखीव इंजिनं, प्रशिक्षण, सुटे भाग सगळं आहे, आणि अमेरिकी काँग्रेसला कळवला जाणारा आकडा ही कमाल मर्यादा असते, अंतिम किंमत नव्हे. याच फिलिपिन्सने २०१४ मध्ये कोरियाची १२ एफए-५० घेतली ती १,८९० कोटी पेसोंना, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण ४२ कोटी डॉलरला. दोन आकडे शेजारी ठेवून एकाला महाग आणि दुसऱ्याला स्वस्त म्हणण्याआधी दोन्ही गाठोडी उघडून बघावी लागतात.

गाठोड्यात काय बघायचं? शस्त्रं आहेत का आणि किती. सिम्युलेटर आहे का. पहिल्या दोन-तीन वर्षांचे सुटे भाग आहेत का. चाचणी उपकरणं, जमिनीवरची वाहनं, तंत्रज्ञांचं प्रशिक्षण, हँगर आणि धावपट्टीची कामं कोणाच्या खात्यावर. पैसे कोणत्या चलनात द्यायचे आणि हप्त्याने की एकरकमी. बल्गेरियाला २०१९ मध्ये सव्वाशे कोटी डॉलरच्या वर रक्कम आगाऊ भरावी लागली आणि त्यासाठी त्या वर्षीचं अंदाजपत्रकच दुरुस्त करावं लागलं. विमानं यायला मात्र २०२५ उजाडलं.

पायरी ४: परवानगीची साखळी शेवटच्या कडीपर्यंत तपासा

या पायरीवर जितके व्यवहार मोडले तितके किमतीवरून मोडले नसतील. कोणतंही आधुनिक लढाऊ विमान एका देशाचं नसतं. इंजिन एकाचं, इजेक्शन सीट (संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची) दुसऱ्याची, रडार तिसऱ्याचं. यातला प्रत्येक देश ‘नाही’ म्हणू शकतो, आणि विक्रीनंतरही म्हणू शकतो.

अर्जेंटिनाने हे सगळ्यांत जास्त भोगलं. १९८२ च्या फॉकलंड युद्धानंतर ब्रिटनने त्यांना शस्त्रं मिळू नयेत असा पवित्रा घेतला, तो आजही सुटलेला नाही. २०१५ मध्ये त्यांची मिराज निवृत्त झाली आणि स्वनातीत लढाऊ विमानच उरलं नाही. ग्रिपेनचा विचार झाला, त्यात ब्रिटिश भाग. एफए-५० जवळपास ठरलं होतं. २०२० मध्ये कोरियन कंपनीने कळवलं की विमानात ब्रिटिश भाग असल्याने निर्यात करता येत नाही. फ्रान्सकडून २०१९ मध्ये पाच सुधारित सुपर एतांदार आली, तीही सेवेत उतरू शकली नाहीत. इजेक्शन सीटचे ब्रिटिश भाग न मिळणं हे त्यामागचं एक मोठं कारण. आपल्या तेजसचं नावही तिथे चर्चेत होतं, पण तेजसची इजेक्शन सीट ब्रिटनच्याच मार्टिन-बेकरची. शेवटी एप्रिल २०२४ मध्ये डेन्मार्कच्या २४ जुन्या एफ-१६ सुमारे ३० कोटी डॉलरला ठरल्या. एफ-१६ ची सीट अमेरिकन आहे. डिसेंबर २०२५ मध्ये पहिली सहा विमानं तिथे उतरली. दहा वर्षं एका देशाचं आकाश रिकामं राहिलं, आणि त्यातला मोठा वाटा वैमानिकाच्या खुर्चीचा होता.

क्रोएशियाचा अनुभव वेगळ्या प्रकारचा. २०१८ मध्ये त्यांनी इस्राएलच्या १२ वापरलेल्या एफ-१६ निवडल्या. किंमत चांगली, विमानांत इस्राएली इलेक्ट्रॉनिक्स बसवलेलं. पण विमान मुळात अमेरिकन, म्हणून तिसऱ्या देशाला विकायला अमेरिकेची संमती हवी. त्या बदलांसकट विकायला अमेरिका तयार झाली नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये व्यवहार बारगळला. क्रोएशियाने निविदा नव्याने काढून २०२१ मध्ये फ्रान्सची १२ वापरलेली राफेल ९९ कोटी ९० लाख युरोला घेतली. पहिल्या व्यवहाराच्या तुलनेत रक्कम मोठी, पण राफेल जवळपास पूर्ण फ्रेंच आहे आणि विकणाराही फ्रान्सच. एकाच दारात परवानगी मिळते, याला किंमत असते, आणि माझ्या मते छोट्या देशाने ती द्यावी.

विक्रीनंतरच्या ‘नाही’चं उदाहरण पाकिस्तानचं. १९९० मध्ये अमेरिकेने अणुकार्यक्रमाच्या कारणावरून पैसे भरलेल्या एफ-१६ अडवल्या. त्यातलीच २८ विमानं पुढे न्यूझीलंडला भाड्याने देऊ केली गेली होती. पहिल्या पायरीवर ज्यांचा उल्लेख आला ती हीच. व्हेनेझुएलाच्या एफ-१६ ना २००६ च्या निर्बंधांनंतर सुटे भाग मिळेनात, आणि तो देश रशियाच्या सुखोईंकडे वळला.

हे तपासायची पद्धत सोपी पण कंटाळवाणी आहे. विक्रेत्याकडून दहा महत्त्वाच्या भागांची यादी मागा: इंजिन, सीट, रडार, मुख्य संगणक, शत्रुमित्र ओळख यंत्रणा, डेटा लिंक, तोफ, क्षेपणास्त्रं, हवाई इंधन नळी, सराव-सिम्युलेटर. प्रत्येकापुढे मूळ देश लिहा. प्रत्येक देशाशी गेल्या चाळीस वर्षांत आपलं काय बिनसलं आहे ते लिहा. पुढच्या वीस वर्षांत काय बिनसू शकतं याचा अंदाज परराष्ट्र खात्याकडून घ्या. क्षेपणास्त्रांची परवानगी विमानापासून वेगळी असते, म्हणून तिचं पत्र वेगळं मागा.

या यादीत एक गोष्ट हमखास दिसेल. ग्रिपेन सी-डी, एफए-५० आणि तेजस मार्क-१ या तिन्ही हलक्या विमानांचं इंजिन अमेरिकेच्या जीईच्या एफ-४०४ कुळातलं आहे. ग्रिपेनमध्ये ते व्होल्वोने बदल करून बनवलं, एवढाच फरक. म्हणजे स्वीडन, कोरिया आणि भारत असे तीन विक्रेते दिसले, तरी वॉशिंग्टनची संमती तिघांनाही लागते.

पायरी ५: नवं, वापरलेलं की भाड्याने

चेकियाने २००२ मध्ये २४ नवी ग्रिपेन विकत घ्यायचा घाट घातला होता. प्रस्ताव संसदेत अडकला, त्याच वर्षी महापूर आला आणि पैसा पुनर्वसनाकडे वळला. मग २००४ मध्ये त्यांनी स्वीडिश सरकारशी १४ ग्रिपेनचा दहा वर्षांचा भाडेपट्टा केला. विमानं २००५ मध्ये आली. प्रशिक्षण आणि आधुनिकीकरण करारातच होतं. दहा वर्षं झाल्यावर मुदत २०२७ पर्यंत वाढवली, आणि २०२४ च्या सुरुवातीला २४ एफ-३५ चा करार केला. देश श्रीमंत होईपर्यंत आकाश सांभाळलं गेलं आणि मोठा निर्णय घाईत झाला नाही. मला हा सगळ्या उदाहरणांतला सर्वांत शहाणा व्यवहार वाटतो. अट एकच: भाड्याने देणारं सरकार स्वतः तेच विमान उडवत असलं पाहिजे, म्हणजे त्याची देखभाल आणि सुधारणा त्यालाही टाळता येत नाही.

वापरलेलं विमान घेताना वर्षांपेक्षा उरलेले तास, शेवटचं मोठं आधुनिकीकरण आणि जगात तेच विमान किती जण उडवतात हे बघा. एफ-१६ आजवर ४,६०० हून अधिक बनल्या, म्हणून चाळीस वर्षं जुन्या विमानालाही सुटा भाग सापडतो. जगात पन्नासच उरलेलं विमान फुकट मिळालं तरी घेऊ नये.

नवं पण हलकं, हा तिसरा मार्ग. एफए-५० मुळात प्रशिक्षण विमानातून घडलं आहे. फिलिपिन्सला ते बरोबर बसलं, कारण त्यांनी २००५ मध्ये शेवटची एफ-५ निवृत्त केली आणि पहिली एफए-५० उतरली नोव्हेंबर २०१५ मध्ये. मधली दहा वर्षं जेट लढाऊ विमानच नव्हतं. ज्या दलाची सवय इतकी मोडली आहे, त्याने थेट मोठ्या विमानावर उडी मारली असती तर अपघात वाढले असते. २०१७ मध्ये मारावी शहरातल्या लढाईत हीच विमानं बॉम्बफेकीला वापरावी लागली, आणि जून २०२५ मध्ये त्यांनी आणखी १२ ची मागणी नोंदवली, सुमारे ७० कोटी डॉलरला. मलेशियानेही २०२३ मध्ये १८ एफए-५० घेतली. त्या स्पर्धेत तेजसही होतं.

पायरी ६: आता तक्ते उघडा

आता विमानांची तुलना करा, पण पहिल्या पायरीवरच्या वाक्याशी. समुद्रावर पहारा असेल तर पल्ला आणि हवेत इंधन भरण्याची सोय महत्त्वाची. एफए-५० च्या जुन्या आवृत्तीत ती नव्हती, फिलिपिन्सने नव्याने मागवलेल्या विमानांत आहे. दृष्टीपलीकडचं क्षेपणास्त्र आज प्रत्यक्ष बसवलेलं आणि डागून पाहिलेलं आहे, की ‘पुढे बसवता येईल’, हा फरक लाखमोलाचा आहे. ‘पुढे’ असेल तर त्याची तारीख आणि खर्च करारात आणा.

विमानासोबत डोळेही घ्या. थायलंडने ग्रिपेनसोबत साब-३४० विमानावर बसवलेलं एरिआय हे टेहळणी रडार घेतलं. फिलिपिन्सने २०२० मध्ये जपानच्या मित्सुबिशी इलेक्ट्रिककडून जमिनीवरची चार रडारं मागवली. घुसखोर दिसलाच नाही तर बारा विमानं तळावरच बसून राहतात. निधी अपुरा असेल तर दोन विमानं कमी करून रडार घ्या, असं मी म्हणेन.

पायरी ७: उडवून बघा, आणि छोट्या ग्राहकांना विचारा

चाचणी आपल्या हवामानात, आपल्या धावपट्टीवर, आपल्या वैमानिकांच्या आणि तंत्रज्ञांच्या हातांनी व्हावी. दमट उष्ण दुपारी, पूर्ण इंधन आणि शस्त्रांसह उड्डाण. इंजिन बदलायला किती माणसं आणि किती तास लागले, ते घड्याळ लावून. वैमानिकांचं मत सगळे ऐकतात. तंत्रज्ञांचं ऐकायला वेळ काढा, कारण विमान उडण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ त्यांच्या हातात असतं.

मग तेच विमान वापरणाऱ्या दुसऱ्या छोट्या देशात जा. मूळ निर्मात्या देशात नको, तिथे कारखाना शेजारीच असतो. विचारा: गेल्या महिन्यात रोज सकाळी किती विमानं उडण्याजोगी होती? सुटा भाग मागवल्यावर किती दिवसांनी आला? उत्तर टाळलं गेलं तर तेही उत्तरच आहे.

विक्रेता मोबदल्यात देशात गुंतवणूक, कारखाने, नोकऱ्या यांचं आश्वासन देईल. ते वेगळ्या कागदावर ठेवा आणि विमानाच्या गुणांकनात धरू नका. ऑस्ट्रियात युरोफायटरच्या खरेदीत आणि दक्षिण आफ्रिकेच्या शस्त्र करारात अशाच मोबदला-व्यवहारांवरून वर्षानुवर्षं चौकशा चालल्या.

पायरी ८: मधल्या काळाची सोय करारावर सही करण्याआधी

नवी विमानं उशिरा येतात, हे गृहीत धरा. स्लोवाकियाने २०१८ मध्ये १४ एफ-१६ घेतल्या. मिग-२९ ऑगस्ट २०२२ मध्ये थांबवली, पहिली दोन एफ-१६ देशात उतरली ती जुलै २०२४ मध्ये. मधली जवळपास दोन वर्षं शेजारच्या मित्रदेशांच्या विमानांनी पहारा दिला. ऑस्ट्रियाने युरोफायटर येईपर्यंत स्वित्झर्लंडकडून १२ एफ-५ भाड्याने घेतली होती. ज्यांना असे शेजारी नाहीत, त्यांनी जुनी विमानं आणि त्यांचे तंत्रज्ञ दोन वर्षं जास्त टिकवण्याचा पैसा आधीच बाजूला काढावा. उशिराबद्दलचा दंड करारात ठेवावाच, पण दंडाच्या रकमेने आकाश राखलं जात नाही.

तेजसकडे याच पायऱ्यांनी पाहिलं तर

मराठी वाचकाला हा प्रश्न जवळचा आहे, कारण तेजस मार्क-१ए ची तिसरी जोडणी-ओळ नाशिकजवळ ओझरला आहे. मिग-२१ पासून सुखोई-३० एमकेआयपर्यंतची विमानं घडवलेला तो एचएएलचा कारखाना. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे तयार झालेल्या पहिल्या मार्क-१ए ने उड्डाण केलं. मला मनापासून वाटतं की हे विमान छोट्या देशांच्या कामाचं आहे: हलकं, एका इंजिनाचं, चांगल्या रडारचं, आणि बनवणारा देश स्वतः ते मोठ्या संख्येने वापरणार आहे.

पण परदेशी समिती आपल्याला काय विचारेल, तेही माहीत असावं. भारतीय हवाई दलाची मागणी २०२१ मधली ८३ आणि सप्टेंबर २०२५ मधली ९७, मिळून १८० मार्क-१ए ची आहे. बंगळूरच्या दोन ओळी वर्षाला १६ आणि ओझर ८, अशी २४ ची क्षमता पूर्ण वापरली तरी साडेसात वर्षं होतात. मार्क-१ए ची पहिली विमानं मार्च २०२४ पासून द्यायची होती. जीईची इंजिनं उशिरा आली आणि ९९ पैकी पहिलं मार्च २०२५ मध्ये मिळालं. नोव्हेंबर २०२५ मध्ये दुबईच्या एअर शोमध्ये तेजस कोसळून वैमानिकाचा मृत्यू झाला. त्या चौकशीतून काय निघालं, हे प्रत्येक ग्राहक विचारणार, आणि त्याला ते विचारण्याचा हक्क आहे.

तेव्हा बारा विमानांच्या निर्यातीची बोलणी करताना भारताने चार गोष्टी लेखी द्याव्यात. आपल्या हवाई दलाच्या रांगेतले ठरावीक क्रमांक ग्राहकासाठी राखून ठेवल्याचं पत्र. इंजिनाबद्दल अमेरिकेची आणि इजेक्शन सीटबद्दल ब्रिटनची त्या देशापुरती आगाऊ संमती. सुट्या भागांचा साठा ग्राहकाच्या तळावर, भारताच्या मालकीचा, वापरला तेवढ्याचेच पैसे. आणि पहिल्या तीन वर्षांसाठी आपल्या तंत्रज्ञांची एक तुकडी तिथे मुक्कामाला. मलेशियाच्या सुखोई-३० एमकेएमच्या वेळी भारतीय हवाई दलाने आपली प्रशिक्षण तुकडी तिथे पाठवली होती, म्हणजे हे शेवटचं काम आपल्याला नवीन नाही.